माझी माहिती, माझी मालमत्ता?

बौद्धिक संपदेचा कायदा चपलेच्या नावाला संरक्षण देतो. मग माणसाच्या नावाला, चेहऱ्याला आणि आवाजाला का नाही?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी झालेल्या फॅशन सोहळ्यात प्राडा या कंपनीने कोल्हापुरी चपलेशी विलक्षण साम्य असणारी पादत्राणे मंचावर आणली आणि करवीरनगरीत संतापाची लाट उसळली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे कर्नाटकातील चार, अशा आठ जिल्ह्यांतील कारागिरांच्या वतीने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे ही नोंदणी आहे. पुढे याप्रकरणी दाखल झालेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. ज्यांच्या नावे हक्काची नोंदणी आहे त्यांनी स्वतः दाद मागावी, इतरांनी नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या प्रकरणातून बौद्धिक संपदा म्हणजे काय, हे सामान्य माणसालाही उमगले. नावाला मोल असते, ते नाव कुणाचे हे ठरवता येते आणि ते परस्पर वापरणाऱ्याला जाब विचारता येतो. साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहतो. चपलेच्या नावाला कायदा संरक्षण देत असेल, तर ती चप्पल शिवणाऱ्या कारागिराच्या स्वतःच्या नावाला, छायाचित्राला, दूरध्वनी क्रमांकाला किंवा आवाजाला तेच संरक्षण का मिळू नये? आपली वैयक्तिक माहिती ही आपली बौद्धिक संपदा मानता येईल काय? प्रश्न साधा वाटतो. उत्तर मात्र तितके सरळ नाही.

निर्मिती आणि वस्तुस्थिती

बौद्धिक संपदेचे कायदे अनेक आहेत. स्वामित्वहक्काचा म्हणजे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, पेटंटचा १९७० चा, तर ट्रेडमार्क आणि भौगोलिक मानांकनाचे कायदे १९९९ चे. त्यांचे तपशील निरनिराळे असले तरी गाभा एक आहे. माणसाच्या बुद्धीने, कौशल्याने किंवा व्यापारातील सचोटीने जे घडविले, त्याला कायदा संरक्षण देतो. लेखकाच्या साहित्यकृतीवरील कॉपीराइट त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. पेटंट २० वर्षांत संपते. निर्मात्याला काही काळ मक्तेदारी द्यावी आणि त्या बदल्यात निर्मिती समाजासमोर यावी, असा हा सौदा आहे.

वैयक्तिक माहिती या चौकटीत बसत नाही, याचे कारण ती कुणी निर्माण केलेली नसते. जन्मतारीख ही घटना आहे. रक्तगट निसर्गाने दिलेला आहे. नाव तर बारशाला आत्याने ठेवलेले असते. दूरध्वनी क्रमांक कंपनीने, आधार क्रमांक प्राधिकरणाने दिलेला. या सर्व गोष्टी आपल्याशी घट्ट जोडलेल्या असल्या तरी त्या आपली ‘कृती’ ठरत नाहीत. कॉपीराइट वस्तुस्थितीला मिळत नाही. वस्तुस्थिती ज्या रूपात मांडली त्या रूपाला मिळतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ‘फाइस्ट’ खटल्यात हे तत्त्व थेट टेलिफोन डिरेक्टरीलाच लावले. नावे व क्रमांक अकारविल्हे मांडण्यात कितीही कष्ट पडले तरी त्यात सर्जनशीलतेचा अंश नाही, म्हणून त्या यादीवर कॉपीराइट नाही, असे न्यायालयाने ठरविले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये नुसती मेहनत पुरेशी नाही, कौशल्य, विवेक आणि किमान सर्जनशीलता हवी, असा दंडक घालून दिला. तो खटला सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालपत्रांच्या संपादित आवृत्तीबद्दल होता, हा योगायोग लक्षणीय आहे.

त्यामुळे २०१२ च्या सुमारास फेसबुकवर फिरलेला आणि पुढे अधूनमधून डोके वर काढणारा तो प्रसिद्ध संदेश कायद्याच्या दृष्टीने पोकळ ठरतो. ‘माझी सर्व वैयक्तिक माहिती, छायाचित्रे व मजकूर यांवर माझा कॉपीराइट आहे, असे मी जाहीर करतो’ अशा आशयाचा तो मजकूर लाखो लोकांनी आपापल्या भिंतीवर डकविला. स्वतः लिहिलेल्या मजकुरावर आणि काढलेल्या छायाचित्रांवर लेखकाचा कॉपीराइट घोषणेविनाही असतोच. वैयक्तिक माहितीवर तो घोषणा करूनही निर्माण होत नाही. शिवाय खाते उघडताना मान्य केलेला करार एकतर्फी घोषणेने बदलत नाही.

गुजरीतील वही कुणाची?

येथे एक विसंगती पुढे येते. कोल्हापुरातील गुजरीत एखाद्या सराफी पेढीकडे तीन पिढ्यांची ग्राहकांची वही आहे, असे समजू. कोणत्या घरात केव्हा लग्नकार्य आहे, कोण कोणत्या घडणावळीचा साज पसंत करतो, कुणाची उधारी किती, वाढदिवस कधी, अशी सारी माहिती त्या वहीत आणि आता संगणकात आहे. पेढीतील एखादा नोकर ही यादी घेऊन शेजारच्या दुकानात गेला, तर कायदा कुणाच्या बाजूने उभा राहील?

उत्तर असे की, तो पेढीच्या बाजूने उभा राहू शकतो. भारतीय कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’ या संज्ञेत संकलने आणि संगणकीय डेटाबेस यांचाही समावेश आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ‘बर्लिंग्टन होम शॉपिंग’ प्रकरणात ग्राहकांच्या नाव-पत्त्यांच्या यादीला असे संरक्षण दिले होते. कंपनीचा माजी कर्मचारी ती यादी वापरीत होता. मोडक निकालानंतर अशा यादीला कॉपीराइट मिळविणे अवघड झाले असले, तरी विश्वासाने मिळालेली गोपनीय माहिती परस्पर वापरू नये, या तत्त्वाखाली पेढी दाद मागू शकतेच. शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या फाउंड्रीच्या मिश्रणाचे प्रमाण किंवा साच्याची आरेखने व्यापारी गुपित म्हणून जशी जपता येतात, तशीच ही यादी.

मात्र त्या वहीत ज्यांची नावे आहेत त्या ग्राहकांचा या दाव्यात काहीही भाग नसतो. माहिती त्यांची, पण संपदा पेढीची! उद्या पेढीनेच ती यादी एखाद्या कर्जवाटप कंपनीला विकली, तर कॉपीराइटचा कायदा ग्राहकाच्या कामी येणार नाही. बौद्धिक संपदेचा कायदा माहिती गोळा करणाऱ्याला संरक्षण देतो, ज्याची माहिती आहे त्याला नव्हे, हे या विषयातील सर्वांत बोचरे सत्य आहे.

पत्र, छायाचित्र आणि केसपेपर

काही प्रसंगी मात्र बौद्धिक संपदा आणि खासगीपणा एकमेकांच्या अगदी जवळ येतात. खासगी पत्राचे उदाहरण घ्यावे. पत्राचा कागद ज्याला ते पाठविले त्याचा. पण मजकुरावरील कॉपीराइट लिहिणाऱ्याचा. म्हणून पत्र मिळालेली व्यक्ती ते जपू शकते, फाडू शकते. लेखकाच्या परवानगीविना छापू शकत नाही. रोजनिशीलाही हेच लागू. तथापि हे संरक्षण शब्दरचनेपुरतेच असते. पत्रातील हकिगत कुणी स्वतःच्या शब्दांत सांगितली, तर कॉपीराइटचा भंग होत नाही.

छायाचित्राची गंमत आणखी निराळी. रंकाळ्यावर फिरायला आलेल्या व्यक्तीचे छायाचित्र कुणी अनोळखी माणसाने काढले, तर त्या छायाचित्राचा कॉपीराइट सामान्यतः काढणाऱ्याचा. ज्याचा चेहरा त्यात आहे त्याचा नव्हे. याउलट मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राबाबत, वेगळा करार नसल्यास, पैसे देऊन काम सांगणारा हा पहिला मालक असतो, असे कायद्याचे कलम १७ सांगते. लग्नातील छायाचित्रे स्टुडिओने परस्पर जाहिरातीत वापरली, तर वधूवरांच्या घरच्यांना या कलमाचा आधार घेता येतो. बहुतेक कुटुंबांना या हक्काची कल्पनाही नसते.

रुग्णालयातील केसपेपर हा तिसरा प्रकार. ते दप्तर रुग्णालय ठेवते. परंतु त्यातील माहितीपासून रुग्णाला वंचित ठेवता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच रुग्णालयांनी गोपनीयतेचे कारण पुढे करून रुग्णाला त्याची कागदपत्रे नाकारू नयेत, असे स्पष्ट केले. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या नियमावलीनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणे बंधनकारक आहे. मालकी कुणाची, याचा निवाडा न करताही हक्क देता येतो, हे या उदाहरणातून दिसते.

आवाजाचे मोल

वैयक्तिक ओळख आणि संपदा यांची खरी गाठ पडते ती प्रसिद्ध व्यक्तींच्या बाबतीत. अमेरिकेत १९५३ मध्ये च्युइंगमसोबत बेसबॉल खेळाडूंची चित्रे देणाऱ्या कंपन्यांच्या भांडणात ‘राइट ऑफ पब्लिसिटी’ ही संकल्पना जन्मली. नामवंताच्या चेहऱ्याला बाजारात किंमत असते आणि ती किंमत त्याची स्वतःची आहे, असे न्यायालयाने म्हटले. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयांनी मात्र खासगीपणा, ट्रेडमार्क आणि कलावंताचे हक्क यांचे धागे गुंफून ‘व्यक्तिमत्त्व हक्क’ आकाराला आणला आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या हक्काला नवी धार दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात त्यांचे नाव, आवाज, गायनशैली आणि प्रतिमा यांच्या परस्पर वापरास मनाई केली. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या दाव्यात त्याच न्यायालयाने, कोणाचाही आवाज नामवंताच्या आवाजात बदलून देणारे साधन परवानगीविना उपलब्ध करून देणे हेच व्यक्तिमत्त्व हक्काचे उल्लंघन होय, असे प्रथमदर्शनी मत नोंदविले. वडिलांच्या निधनानंतर मंगेशकर कुटुंब पुण्याहून कोल्हापूरला आणि मग मुंबईला गेले. १९४३ च्या ‘माझं बाळ’ या चित्रपटात बालवयीन आशाताईंनी पहिले चित्रपटगीत गायिले. आठ दशकांच्या रियाजाने घडलेला आवाज एखादे यंत्र क्षणार्धात उचलू लागले, तेव्हा तो आवाज ‘घडविलेली’ गोष्ट आहे की जन्मजात, हा वाद पुस्तकी राहत नाही.

ट्रेडमार्क कायद्यातही नावाला जागा आहे. हयात व्यक्तीचे, किंवा अर्जापूर्वीच्या वीस वर्षांत निधन पावलेल्या व्यक्तीचे नाव वा प्रतिमा ट्रेडमार्कसाठी वापरायची असल्यास तिची किंवा वारसांची लेखी संमती मागण्याचा अधिकार निबंधकास आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचा व चित्राचा व्यापारी वापर तर १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांसंबंधीच्या कायद्याने नियंत्रित केलेला आहे. तेथे संरक्षण आहे, पण ते कुणा वारसाची मालमत्ता म्हणून नव्हे, लोकभावनेचा आदर म्हणून.

वारसांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मालमत्ता वारसाहक्काने मिळते. पण अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये खासगीपणाचे व प्रसिद्धीचे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, असे म्हटले. जयललितांच्या जीवनावरील चित्रपटाच्या वादात मद्रास उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये तशीच भूमिका घेतली होती. जे वारसाकडे जात नाही, त्याला पूर्णार्थाने संपदा कसे म्हणावे?

मालमत्ता नव्हे, माणूसपण

या कोड्याचे उत्तर सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी शोधले गेले होते. इंग्लंडात राणी व्हिक्टोरिया व तिचे पती अल्बर्ट यांनी घरगुती हौसेपोटी काढलेल्या कोरीव चित्रांच्या प्रती बाहेर फुटल्या आणि एकाने त्यांचा वर्णनात्मक कॅटलॉग छापण्याचा घाट घातला. १८४९ मध्ये न्यायालयाने त्याला रोखले, ते मालमत्तेचा व विश्वासभंगाचा आधार घेऊन. पुढे १८९० मध्ये सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकन विधिज्ञांनी अशाच निकालांचा अभ्यास करून असे दाखवून दिले की, न्यायालये ‘मालमत्ता’ हा शब्द वापरीत असली तरी ती खरे पाहता माणसाच्या अस्पर्श व्यक्तिमत्त्वाचे रक्षण करीत आहेत. खासगीपणाचा आधुनिक हक्क या मांडणीतून उभा राहिला. म्हणजेच, तो बौद्धिक संपदेच्या घरात जन्मला, पण वाढला स्वतंत्रपणे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ‘ऑटो शंकर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, व्यक्तीचे नाव वा प्रतिमा संमतीविना वापरणे हा खासगीपणाचा भंग ठरू शकतो, असे सांगितले. सार्वजनिक दस्तऐवजांचा मात्र अपवाद केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला.

मालक की विश्वस्त?

जुलै २०१८ हा महिना या संदर्भात विशेष उल्लेखनीय ठरला. त्या महिन्यात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने शिफारस केली की, वैयक्तिक माहितीचा मालक वापरकर्ताच असून ती हाताळणाऱ्या कंपन्या केवळ राखणदार आहेत. अवघ्या काही दिवसांत न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीचा अहवाल आला आणि त्याने मालकीऐवजी विश्वासाचे नाते मध्यवर्ती मानले. माहिती घेणारी संस्था ही मालक नव्हे, तशी साधी ग्राहकही नव्हे. ती विश्वस्त आहे आणि विश्वस्ताची कर्तव्ये तिला लागू होतात, अशी ही भूमिका.

संसदेने २०२३ मध्ये संमत केलेला डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा दुसऱ्या वाटेने गेला. त्यात ‘मालक’ हा शब्द नाही. माहिती हाताळणाऱ्या संस्थेला ‘डेटा फिड्युशरी’, म्हणजे विश्वस्त म्हटले आहे. नागरिकाला आपल्या माहितीचा तपशील मागण्याचा, ती दुरुस्त करून वा पुसून घेण्याचा, तक्रारीचा आणि आपल्या पश्चात हे हक्क बजावण्यासाठी कुणाला नामनिर्देशित करण्याचा हक्क मिळतो. सुरक्षाव्यवस्थेतील कुचराईबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या वेळच्या अधिसूचनेनुसार मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

या कायद्यात एक मोठी उणीव मात्र आहे. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते; ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून काही मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये असलेली नुकसानभरपाईची तरतूदही नवा कायदा पूर्णपणे लागू होताच रद्द व्हायची आहे. विश्वस्ताने कर्तव्य मोडले तर लाभार्थ्याला भरपाई मिळावी, हे विश्वस्त संकल्पनेचे मूळ सूत्र. तेच येथे निसटले आहे. माहितीवर मालकी हवी, ही मागणी पुन्हा पुन्हा डोके वर काढते, तिचे एक कारण या उणिवेत आहे.

विकता येण्याचा धोका

मग वैयक्तिक माहिती सरळ मालमत्ता का घोषित करू नये? डेन्मार्कच्या सरकारने २०२५ मध्ये स्वतःच्या चेहऱ्यावर व आवाजावर प्रत्येक नागरिकाला कॉपीराइटसारखा हक्क देण्याचा प्रस्ताव मांडला, तो बनावट चित्रफितींना आळा घालण्यासाठी. तो विचार मोहक आहे, परंतु त्यातील धोकेही ओळखले पाहिजेत.

पहिला धोका हा की, जे आपले आहे ते विकताही येते. कॉपीराइट कायमचा लिहून देणाऱ्या कलावंतांची परवड चित्रपटसृष्टीला नवी नाही. उद्या अडलेल्या शेतकऱ्याने कर्जाच्या कागदपत्रांसोबत आपल्या माहितीची मालकीही अंगठा उठवून देऊन टाकली, तर ती परत मागण्याची सोय उरणार नाही. संमती मागे घेता येते. विक्री मागे घेता येत नाही. दुसरे असे की, माहिती बहुधा एकट्याची नसते. आजाराचा आनुवंशिक इतिहास सगळ्या भावंडांचा असतो आणि सातबाऱ्यावर अनेक नावे असतात. त्यातला मालक कुणाला ठरवायचे? तिसरे, प्रत्येक नाव आणि घटना कुणाची तरी मालमत्ता ठरली, तर पत्रकाराने लिहायचे काय आणि इतिहासकाराने मांडायचे काय? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मधील दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्यानंतर, वैयक्तिक माहितीच्या नावाखाली सार्वजनिक कारभार झाकला जाईल, ही शंका माहिती अधिकार कार्यकर्ते व्यक्त करीत आले आहेत.

सामान्य नागरिकाच्या हाती काय?

तात्पर्य, वैयक्तिक माहितीला ‘बौद्धिक संपदा’ हे कवच मिळत नसले तरी नागरिक निःशस्त्र नाही. स्वतःचे लिखाण, स्वतः काढलेली वा मोबदला देऊन काढून घेतलेली छायाचित्रे यांसाठी कॉपीराइट आहे. वादीला राहत्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात दावा लावण्याची मुभा कायद्याच्या कलम ६२ मध्ये आहे. दुसऱ्याची स्वाक्षरी, पासवर्ड वा तत्सम ओळखचिन्ह लबाडीने वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. शासनसंस्थेकडूनच खासगीपणाचा भंग झाल्यास उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाल्यापासून कोल्हापूरसह सहा जिल्ह्यांतील नागरिकांसाठी ते दार मुंबईइतके दूर राहिलेले नाही.

शेवटी कोल्हापुरी चपलेच्याच कायद्यातील एक तरतूद ध्यानात घेण्याजोगी आहे. भौगोलिक मानांकन हे विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही आणि परवान्याने भाड्याने देता येत नाही. कलम २४ त्याला मनाई करते. जे एका समूहाच्या ओळखीशी जडलेले आहे, त्याचा बाजार मांडू नये, हे संसदेने १९९९ मध्येच ओळखले होते. माणसाची माहिती त्याच्या ओळखीशी याहूनही घट्ट जडलेली आहे. तिचे रक्षण व्हावे, ते विकाऊ वस्तू म्हणून नव्हे, तर विकता न येणारा ठेवा म्हणून. नव्या कायद्याने ती दिशा धरली आहे. भरपाईचा हक्क पीडिताच्या पदरात पडेपर्यंत मात्र ती वाट अर्धीच चालून झाली, असे म्हणावे लागेल.